‘दहा वेळा लिही’ बंद करा: लिहायला अडखळणाऱ्या पोराला घरी कसं शिकवायचं

तासगाव भागात गेली चौदा वर्षं पहिली ते तिसरीच्या पोरांना शिकवतेय, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच वाक्य ऐकते, “बाई, पाठ हाय त्याला सगळं, तोंडी विचारा, फक्त लिवायला लागलं की बोंब.” मग पुढचा प्रश्न, घरी काय करून घेऊ? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगतात, रोज एक पान शुद्धलेखन घेतो की, चुकलं तर दहा वेळा लिहायला लावतो.

हे दहा वेळावालं मीही केलंय. एका पोराला ‘विहीर’ दहा वेळा लिहायला दिलं, जवळ जाऊन बघते तर पठ्ठ्यानं आधी उभं खाली दहा वेळा ‘वि’ लिहिलेलं, मग शेजारी दहा ‘ही’, आता ‘र’ ची रांग चालू होती. म्हणजे शब्द त्यानं एकदाही लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी डिक्टेशनला परत ‘इहीर’. हे का झालं ते खाली सहाव्या टप्प्यात येईल.

हा लेख सहा ते आठ-नऊ वर्षांच्या, मराठी किंवा सेमी माध्यमातल्या पोरांसाठी आहे. टप्पे क्रमानंच घ्या. बहुतेक पालक थेट सातव्या टप्प्यावर, म्हणजे वेलांटी-उकारावर उडी मारतात आणि तिथंच अडकून बसतात.

## आधी सामान गोळा करा

जास्त काही लागत नाही. एक दुरेघी वही, एक चौकटीची वही (गणिताची चालते), पाटी आणि पाटीवरची पेन्सिल, टूबी (2B, मऊ शिशाची) पेन्सिल दोन-तीन, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं, एक ताट आणि त्यात पसरायला वाटीभर रवा. लाल पेन घरात असेल तर लपवून ठेवा. खोडरबर पण अभ्यासाच्या वेळी बाजूला, कारण अशी पोरं लिहितात कमी आणि खोडतात जास्त, कागदाला भोक पडेपर्यंत. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढं जायचं, एवढंच.

वेळ रोज पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. रविवारी दोन तास बसवून काही उपयोग नाही. आणि वेळ संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या नको, खाऊन, खेळून झाल्यावर. आमच्याकडं द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आई-बाप दोघं बागेत असतात, रात्री साडेनऊला पोराला घेऊन बसतात आणि मग पोरगं पेंगतं म्हणून फटका बसतो. त्या महिन्यात सरळ सकाळची दहा मिनिटं धरा.

## टप्पा १: डोळे आणि कान

हे सगळ्यात आधी, आणि हेच सगळ्यात जास्त राहून जातं. फळ्यावरचं उतरवताना चुकतं पण पुस्तकातलं बघून बरोबर लिहितं, मान वाकडी करून बघतं, वही नाकाला लावतं, तर आधी डोळे तपासा. सारखी सर्दी, कान वाहतो, दोनदा हाक मारल्याशिवाय वळून बघत नाही, तर कान. शाळेत आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाच्या) डॉक्टरांची गाडी येते तेव्हा पोराला गैरहजर ठेवू नका, त्यात प्राथमिक तपासणी होते, आणि शंका निघाली तर पुढं पाठवतात.

तपासून बघा: पोराच्या मागं पाच-सहा फुटांवर उभं राहून हळू आवाजात ‘पान, भान, दान, धान’ असे शब्द म्हणा आणि त्याला तसेच म्हणायला सांगा. तोंड दिसायला नको. सारखी गल्लत होत असेल तर पुढचे टप्पे थांबवा आणि कानाच्या डॉक्टरकडं जा.

## टप्पा २: चुका गोळा करा, दुरुस्त करू नका

हा टप्पा आठवडाभराचा आहे आणि या आठवड्यात काहीही शिकवायचं नाही. फक्त गोळा करायचं. पोराच्या शाळेच्या वह्या घ्या, त्यातले चुकलेले शब्द जसेच्या तसे एका वहीत उतरवा, शेजारी बरोबर शब्द. शिवाय रोज पाच ओळी त्याच्या मनानं लिहू द्या, काल काय खाल्लं, जत्रेत काय बघितलं, काहीही, आणि त्यावर एक शब्द बोलू नका. पहिल्या दिवशीचं पान तारीख घालून जपून ठेवा. पन्नासेक चुका झाल्या की वाटणी करायची. माझ्या अनुभवात पाच ढीग पडतात.

हाताची चूक: अक्षर ओळखता येतं पण हात वळत नाही. अक्षरं लहान-मोठी, रेघेच्या बाहेर, तिसऱ्या ओळीनंतर हात झटकायला लागतो.

डोळ्याची चूक: ‘भात’ चा ‘मात’, ‘धर’ चा ‘घर’. आकारात गोंधळ.

कानाची चूक: ‘टमाटा’ चं ‘टामटा’, ‘बादली’ चं ‘बाली’. अक्षर गळतं किंवा जागा बदलतं.

घरची चूक: ‘पाणी’ चं ‘पानी’, ‘चहा’ चं ‘च्या’, ‘वेळ’ चं ‘येळ’.

नियमाची चूक: ‘पाणी’ चं ‘पाणि’, ‘फूल’ चं ‘फुल’. हिला मी सगळ्यात शेवटी ठेवते, आणि लोक सगळ्यात आधी हिच्यावर ओरडतात.

कुठल्या ढिगात टाकायची कळत नसेल तर एक सोपा उपाय. अक्षरांची कार्डं करा आणि तोच शब्द पेन्सिलीशिवाय कार्डांनी लावायला सांगा. कार्डांनी बरोबर लावला आणि पेन्सिलीनं चुकला, तर चूक हाताची. कार्डांनी पण चुकला तर तोंडानं एकेक अक्षर फोडून सांगायला लावा. तोंडी फोड बरोबर असेल आणि तरी कार्ड चुकीचं उचलत असेल तर डोळ्याची. तोंडी फोडतानाच गळत असेल तर कानाची.

सावधान: सगळे ढीग एकदम हाताळायचे नाहीत. जो सर्वात मोठा, तिथं जास्त दिवस थांबायचं. फक्त हात आणि कान यांत गडबड असेल तर ढीग लहान असला तरी त्यांना पहिला नंबर.

## टप्पा ३: बसणं, पकड, दाब

पाय जमिनीला टेकले पाहिजेत. खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट किंवा उपडा डबा. खाली बसून लिहीत असेल तर समोर चौरंग ठेवा, मांडीवर वही आणि पालथं पडून लिहिणं बंद. कागद धरायला दुसरा हात वहीवर हवा, बरीच पोरं तो हात मांडीखाली घेऊन बसतात आणि मग वही सरकते, अक्षर पण सरकतं.

पकड: अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत, मधलं बोट खाली टेकू. मुठीत पेन्सिल धरणाऱ्या पोराला “नीट धर” म्हणून दहादा सांगितलं तरी होत नाही, त्यापेक्षा पेन्सिल छोटी द्या. दोन बोटं लांबीचा तुकडा. तो मुठीत धरताच येत नाही, आपोआप चिमटीत येतो. खडूचा तुकडा पण चालतो. शेवटची दोन बोटं मिटत नसतील तर तळहातात एक चिंचोका धरायला द्या, तो पडू न देता लिहायचं, पोरांना तो खेळ वाटतो.

बोटात जोर नसेल तर तो वहीवर येणार नाही, घरकामात येईल. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, कणकेचे गोळे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, आणि आमच्याकडचं सगळ्यात भारी काम म्हणजे बेदाणा निवडणं, एकेक मणी चिमटीत उचलून बारीक-मोठा वेगळा करायचा. दहा मिनिटं. खाल्लेला धरू नका.

दाब बघायचा असेल तर पान उलटून मागच्या बाजूनं बोट फिरवा. फोड आल्यासारखं उठलेलं लागलं म्हणजे पोरगं फार दाबून लिहितंय, म्हणून हात दुखतो, म्हणून कंटाळा. टूबी पेन्सिल द्या, वहीखाली दुमडलेलं वर्तमानपत्र ठेवा आणि सांगा, टोक आत घुसता कामा नये.

डावखुऱ्या पोराला उजव्या हातानं लिहायला लावू नका, आजी काहीही म्हणू दे. वही थोडी उजवीकडं कलती ठेवायची, म्हणजे वरचा डावा कोपरा जरा वर, पेन्सिल टोकापासून थोडी लांब धरायची म्हणजे लिहिलेलं दिसतं, आणि बाकावर डाव्या टोकाला बसवायला बाईंना सांगायचं, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर कुस्ती.

तपासून बघा: सलग पाच ओळी लिहून झाल्यावर हात दुखतो का विचारा. दुखत असेल तर अजून चार दिवस इथंच. लिहिणं पाटीवर, ओळी कमी.

## टप्पा ४: अक्षरं गटानं, क ख ग च्या क्रमानं नाही

पाठ करायला क ख ग ठीक आहे, हाताला तो क्रम सोयीचा नाही. हाताला सारखी वळणं एकत्र लागतात. ग म भ न. र स ख. त ल. व ब क. प ष फ. ट ठ ढ द. ड इ ह झ. घ ध छ. एका वेळी एक गट, आधी रव्याच्या ताटात बोटानं, मग पाटीवर मोठं, मग दुरेघीवर. रव्यात का, तर चुकलं की ताट हलवलं, पुसलं. लाज नाही.

मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. हे पोरांना कुणी सांगतच नाही. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, सेमीतलं पोरगं दोन्ही एकदम शिकतं आणि मराठी अक्षरं पण खाली बसवायला बघतं, मग डोक्यावरची रेघ वेडीवाकडी. दोरीवर वाळत घातलेले कपडे, असं सांगा, लगेच कळतं.

गोंधळाच्या जोड्यांसाठी एक खूण लक्षात ठेवा, मला ती फार उशिरा सुचली. भ, ध, थ यांच्या डोक्यावर गाठ असते आणि तिथं रेघ तुटते. म, घ, य यांच्या डोक्यावर रेघ सलग. भ-म, ध-घ, थ-य तिन्ही जोड्या या एकाच खुणेनं सुटतात. शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ ओढताना भ, ध, थ आला की हात उचलायचा. नाही उचलला तर ‘भात’ चा ‘मात’ झालाच.

रेघ पूर्ण शब्द लिहून झाल्यावर एकदम मारायची. म्हणजे शब्द कुठं संपतो तेही कळतं. दोन शब्दांत जागा सोडत नसेल तर मध्ये डाव्या हाताचं बोट ठेवायला सांगा.

सावधान: सहा-सात वर्षांचं पोरगं एखादं अक्षर किंवा आकडा उलटा काढतंय म्हणून घाबरू नका, बऱ्याच जणांचं ते आपोआप जातं. आठ पूर्ण झाल्यावरही चालू असेल तर शेवटचा टप्पा वाचा.

## टप्पा ५: आगगाडीचे डबे

कानाच्या चुकांवर यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. चौकटीच्या वहीत आगगाडी काढायची. शब्द म्हणायचा, टाळ्या वाजवत फोडायचा, जितक्या टाळ्या तितके डबे. मि-र-ज, तीन डबे. सां-ग-ली, तीन. को-ल्हा-पू-र, चार. आधी डबे रिकामे काढायचे, मग एकेका डब्यात अक्षर भरायचं. काना, मात्रा, वेलांटी सगळं त्याच डब्यात, बाहेर नाही.

याचा फायदा असा की अक्षर गळलं तर डबा रिकामा राहतो आणि पोराला स्वतःला दिसतं. तुम्ही “चुकलं” म्हणायची गरज नाही. ‘बादली’ चे तीन डबे काढले आणि बा, ली लिहून झालं तर एक डबा उरतो, मग ते स्वतःच परत म्हणून बघतं.

पहिल्या वेलांटीचा घोळ इथंच मिटवा. बोलताना आधी ‘द’ चा आवाज आणि मग इकार, पण कागदावर वेलांटी ‘द’ च्या आधी दिसते. म्हणून पोरं ‘दिवस’ ची वेलांटी कधी व ला देतात, कधी नुसतीच अधांतरी. क्रम ठरवून टाका: आधी डब्यात अक्षर, मग वेलांटी डावीकडून आणून डोक्यावर टेकवायची. त्यासाठी डब्यात डावीकडं जागा सोडायची सवय लावा.

शब्द निवडताना काना-मात्रा नसलेले (कमळ, सरबत), मग काना (पापड, बाजार), मग वेलांटी-उकार, मग मात्रा, मग अनुस्वार. जोडाक्षरं या टप्प्यात नकोत, कोल्हापूर पोरांना आवडतं म्हणून मी तेवढं चालवून घेते.

तपासून बघा: न लिहिता, नुसत्या टाळ्यांनी दहातले नऊ शब्द बरोबर फोडता आले की पुढं.

## टप्पा ६: घरी बोलतो ते आणि पुस्तकात असतं ते

आता त्या ‘इहीर’ ची गोष्ट. मी त्या पोराच्या वहीवर गोल करत होते आणि त्याची आजी न्यायला आली होती. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, “बराबर लिवलंय की ओ बाई, इहीर.” मी गप्प. घरी सगळे इहीरच म्हणतात, पोरानं ऐकलं तसं लिहिलं. त्याच्या कानात खोट नव्हती, उलट कान तिखट होता.

आपल्याकडं हे फार होतं. पानी, लोनी, आनि, कोन. येळ, येस, इस्तू. शाळंला, घरला, च्या पिला. तोंडानं हे म्हणण्यात काही वाईट नाही आणि तुम्ही पोराला “असं गावंढळ बोलू नको” म्हटलात तर ते बोलायचंच बंद होईल, मग लिहिणार काय? सांगायचं एवढंच की घरी बोलायचा शब्द एक आणि वहीतला शब्द एक, जसे घरातले कपडे आणि शाळेचा गणवेश.

करायचं असं. लग्नपत्रिकेच्या कार्डाच्या एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला वहीचा. येळ / वेळ. इहीर / विहीर. च्या / चहा. पानी / पाणी. च्यार / चार. शाळंत / शाळेत. वीसेक कार्डं पुरतात, ती पोराच्याच चुकांतून काढायची, कुठूनतरी यादी आणून नाही. रोज खेळ, मी घरचा म्हणणार, तू वहीचा सांगायचा, मग उलटं. आजी-आजोबांना खेळात घ्या, त्यांना फार मजा येते आणि पोराला पण, कारण तिथं ते शिकवणारं होतं.

न आणि ण साठी वेगळं काम लागतं. ण म्हणताना जिभेचं टोक मागं वळवून टाळूला लागतं, न ला दातांच्या मागं. आरशात बघून ‘पान’ आणि ‘पाणी’ म्हणायला लावा. जीभ वळायला लागली की लिहिताना फरक पडतो, पण दोन-तीन आठवडे जातात, घाई नको.

ष चा आवाज बोलताना श सारखाच येतो, तिथं कानाचा काही उपयोग नाही. भाषा, औषध, विषय, वर्ष, मनुष्य असे लागणारे दहाएक शब्द भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, येता-जाता डोळ्यात बसतात.

## टप्पा ७: वेलांटी, उकार, अनुस्वार

इथपर्यंत आलात तर निम्म्या चुका आधीच गेलेल्या असतील. आता नियम. पण सगळे नकोत, तीनच.

पहिला: शब्दाच्या शेवटी इ किंवा उ चा आवाज आला की दुसरी वेलांटी, दुसरा उकार. पाणी, भाजी, लाडू, चाकू, मी, तू. मोठ्या शब्दांत अपवाद आहेत, पण दुसरीतल्या पोरासाठी एकच पाठ करून घ्या, ‘आणि’ ला पहिली. एवढ्या एका नियमानं माझ्या वर्गात नियमाच्या चुका सगळ्यात जास्त उतरतात, आणि विचारा पालकांना, हा नियम निम्म्यांना माहीत नसतो, तेही अंदाजपंचे लिहितात.

दुसरा: शेवटचं अक्षर मोकळं असेल (काना नाही, मात्रा नाही) तर त्याच्या आधीचं दुसऱ्या वेलांटी-उकाराचं. खीर, फूल, मूल, बहीण, विहीर, कोल्हापूर. आणि शब्द पुढं वाढला की तेच पहिलं होतं. खिरीत, फुलात, मुलाला, बहिणीला, विहिरीत, कोल्हापुरात. मी सांगते, शेपूट लागली की वेलांटी लहान. गुण, सुख, विष यांसारखे संस्कृतातून आलेले शब्द यात बसत नाहीत, पण ते पोरानं विचारलं तरच सांगा.

तिसरा: अनुस्वार. नाक चिमटीत धरून ‘आंबा’ म्हणायला सांगा, आवाज अडकतो. ‘आजी’ म्हणताना अडकत नाही. नाक अडलं की टिंब. पोरं दिवसभर नाक धरून हिंडतात, चालतं. पण याचा एक घोळ, ‘मामा’ म्हणताना पण नाक अडकतं, तेव्हा म आणि न चं अक्षर स्वतः हजर असेल तर टिंब नको, हे लगेच सांगून टाका. दुसरं, जास्त जण असले की टिंब: झाडाला – झाडांना, मुलाने – मुलांनी. हे ऐकून कळत नाही, अर्थावरून कळतं, म्हणून चित्र काढून द्या, एक झाड आणि चार झाडं.

सावधान: एका आठवड्यात एकच नियम. आणि त्या आठवड्यात बाकीच्या चुका दिसल्या तरी डोळे झाका. हे आईला जमतं, बापाला जमत नाही, असं माझं निरीक्षण, रागवू नका.

## टप्पा ८: जोडाक्षरं, त्यातही र

उभी रेघ असलेल्या अक्षराची रेघ काढली की ते अर्धं होतं, ल्ल, स्त, च्च, न्न. ज्याला उभी रेघ नाही त्याचा पाय मोडतो, ट्ट, ड्ड. हे दोन दिवसांत येतं. पोरं अडकतात ती र पाशी.

र चार सोंगं घेतो. सूर्य, पर्वत मध्ये डोक्यावर जातो. चक्र, ग्रह मध्ये पोटात तिरकी रेघ. ट्रक, ड्रम मध्ये पायाखाली टोपी. आणि दऱ्या, सुऱ्या मध्ये चंद्रासारखा वाकडा. कुठं कुठला, तर म्हणून बघायचं: ‘पर्वत’ मध्ये आधी र् आणि मग व, म्हणून र व च्या डोक्यावर चढतो. ‘चक्र’ मध्ये आधी क् मग र, म्हणून खाली राहतो. जो आधी बोलला तो वर. ‘पर्वत’ चं ‘प्रवत’ करणाऱ्या पोराला हे एकदा कळलं की सुटतं. ट आणि ड ला उभी रेघ पोटात नाही, म्हणून तिथं टोपी. चौथं सोंग थोड्याच शब्दांत येतं, ते तसंच बघून लक्षात ठेवू दे.

## टप्पा ९: श्रुतलेखन

डिक्टेशन सगळे घेतात आणि जवळपास सगळे चुकीचं घेतात. धड्यातला उतारा उचलून भराभर सांगायचा, शेवटी लाल गोल आणि मार्क. असं नको. हे करा:

१. पाच शब्द, एकाच घराण्याचे. आज शेवटची वेलांटी असेल तर पाचही तसेच.

२. शब्द तुम्ही एकदा म्हणा, नेहमीच्या आवाजात. “पाऽऽणीऽऽ” असं ताणून म्हणू नका, परीक्षेत कुणी ताणून म्हणत नाही आणि पोरगं तुमच्या ताणण्यावर अवलंबून राहतं.

३. पोरानं तो शब्द मोठ्यानं परत म्हणायचा. मगच पेन्सिल उचलायची.

४. डबे मनात, हवेत बोटानं. मग लिहायचं.

५. पाचही झाले की बरोबर शब्दांचं कार्ड त्याच्या हातात. तपासायचं त्यानं. चुकलेल्या अक्षराखाली टिंब, पूर्ण शब्द खोडायचा नाही, कारण चारातली तीन अक्षरं बरोबर आहेत ते त्याला दिसलं पाहिजे.

६. चुकलेला शब्द एकदा बघायचा, म्हणायचा, हातानं झाकायचा, लिहायचा, उघडून तपासायचा. असं दोनदा. दहा वेळा नाही. तोच शब्द परवा परत, आणि पुढच्या आठवड्यात परत.

दोन आठवडे शब्द, मग दोन-तीन शब्दांची वाक्यं. मध्येमध्ये खरं लिखाण द्या, वाण्याकडची यादी, मामाला चिठ्ठी, एसटी स्टँडवर गेलात तर गाड्यांच्या पाट्यांवरची गावं उतरवून घ्यायची. मनानं लिहीत असेल तेव्हा शुद्धलेखन तपासायचं नाही. त्यानं ‘ज्वारी’ चं ‘जवारी’ लिहिलं तरी यादी वाण्याला द्या, ज्वारीच मिळते.

इंग्रजी स्पेलिंगला हेच सगळं लागू आहे, फक्त दोन गोष्टी जास्त. एक, मराठीत अक्षर आणि आवाज बऱ्यापैकी जुळतात, इंग्रजीत नाही, म्हणून ‘के एन आय एफ ई’ असं गाण्यासारखं घोकून घेण्याआधी छोटे, आवाजाप्रमाणे लिहायचे शब्द (कॅट, पेन, सन) पक्के करा. दुसरं, लहान बी आणि डी ची अदलाबदल. दोन्ही मुठी समोर धरून अंगठे वर करायचे, डाव्या हाताचा बी होतो, उजव्याचा डी, मध्ये पलंग तयार होतो. मराठी डगमगत असताना इंग्रजी स्पेलिंगचं पाठांतर निम्मं करा, बाईंशी बोलून.

## टप्पा १०: दोन-तीन महिने झाले, तरी जमत नाही

सगळं नीट केलं, रोज पंधरा मिनिटं दिली, शाळा बुडत नाही, डोळे-कान ठीक आहेत, तोंडी हुशार आहे, आणि तरी तिसरीत गेल्यावर पण तोच शब्द एका पानावर तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहितंय, वाचताना ओळ सुटतेय, तर तो आळस नाही आणि मार देऊन जाणारा नाही. डिसलेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असे शब्द कानावर आले असतील, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार दिलेत त्यात ती आहे. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही.

क्रम असा ठेवा. आधी वर्गशिक्षकांशी बोला. मग पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. मग जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, सांगलीकरांनी सांगलीच्या सिव्हिलला, साताऱ्याच्या लोकांनी साताऱ्याच्या सिव्हिलला, बालरोग विभागात जाऊन चाचणी कुठं आणि कुठल्या वारी होते ते विचारून घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, १४ आणि १८ व्या वर्षी परत तपासणी होते. त्याआधी मदत सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रमाणपत्राचा पुढं उपयोग म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती, त्या आपोआप मिळत नाहीत, शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो.

“लोक काय म्हणतील, पोराला शिक्का बसेल” म्हणून दोन-दोन वर्षं थांबलेले पालक मी बघितलेत. शिक्का तसाही बसलेलाच असतो, ‘ढ’ म्हणून, वर्गातल्या पोरांनी कधीच मारलेला.

जाताना पोराचे जन्मदाखला आणि आधार, डोळे-कान तपासल्याचे कागद, शाळेच्या दोन वर्षांच्या वह्या आणि दुसऱ्या टप्प्यात तारीख घालून ठेवलेलं ते पहिलं पान बरोबर न्या. वह्या मूळच न्या. झेरॉक्समध्ये अक्षर दिसतं, दाब दिसत नाही.